चॅरिटी रेसची पहिली वेळ: नऊ महिने, ८२ किलो आणि न थांबणारा घोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, मुक्काम इंग्लंडमधलं लेस्टर, नोकरी खुर्चीतली, वजन ८२ किलो. दोन वर्षं रायडिंग स्कूलमध्ये आठवड्यातून एकदा घोड्यावर बसणं होतं, ट्रॉट (दुडकी) आणि कँटर (संथ दौड) जमतं. पुढच्या उन्हाळ्यात जखमी जॉकींच्या मदतीसाठी होणाऱ्या एका चॅरिटी रेसमध्ये नाव द्यायचं मनात आहे, हातात नऊ महिने आहेत. "एवढ्यात तयारी होईल का? खर्च किती येईल? आणि घरचे म्हणतात तसं, तेवढे पैसे सरळ दान करून मोकळं व्हावं का?"

मी न्यूमार्केटला, रेसच्या घोड्यांच्या गावात, राहते. दिवसा लोकांचे हिशेब तपासते आणि गेली चौदा वर्षं ऑफिसआधी पहाटे एका ट्रेनरच्या पागेत घोडे फिरवते. अशा चार शर्यती मी स्वतः केल्या आहेत. एकही जिंकलेली नाही, एकदा तिसरी आले. दहा-बारा नवख्यांची तयारी करून घेतली, त्यातल्या दोघांना मीच यंदा नको म्हणून परत पाठवलं. त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून आलंय, आणि न्यूमार्केटच्या बाहेर काही गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे धरूनच वाचा.

तुम्ही विचारलंय, शर्यत पळता येईल का. पळायचं काम घोडा करतो. तो दोन वर्षांचा असल्यापासून तेच करत आलाय आणि त्यासाठी त्याला तुमची फारशी गरज नाही. तुमच्या वाट्याला तीन कामं येतात. पॅडॉकपासून, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारापासून, स्टार्टपर्यंत त्याला शांतपणे नेणं, शर्यतीत त्याच्या पाठीवर धोंडा न होता टिकणं आणि विनिंग पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, गेल्यावर त्याला थांबवणं. टीव्हीवर दिसतं ते मधलं. माझ्या डोळ्यांदेखत जे नवखे पडले किंवा ज्यांचा घोडा उधळला, ते बहुतेक सगळे पहिल्या नाहीतर तिसऱ्या कामात.

रायडिंग स्कूलचा घोडा आणि रेसचा घोडा यांत इथेच घोडं पेंड खातं. स्कूलमधल्या घोड्याला चालवावं लागतं. टाच मारा, जीभ वाजवा, तरी तो दाराकडेच बघतो. तुमच्या दोन वर्षांत तुम्ही जे शिकलात ते मुख्यतः घोड्याला पुढे कसं ढकलायचं हे. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, हा जवळपास पाचशे किलोंचा प्राणी आहे. मोकळ्या गवतावर आला की एक फर्लांग, म्हणजे २०१ मीटर, बारा-तेरा सेकंदांत कापतो. ताशी साधारण साठ किलोमीटर. त्याला पुढे ढकलायचा प्रश्नच येत नाही. आणि लगाम ओढला की तो थांबतो, हा तुमचा आजवरचा अनुभव इथे उलटा पडतो. लगाम ताणला की तो बिटवर, तोंडातल्या लोखंडी दांडीवर, रेलतो आणि आणखी जोर लावतो. तुम्ही जितकं ओढाल तितका त्याला आधार मिळतो.

हे मी कसं शिकले ते सांगते. न्यूमार्केटला वॉरन हिल नावाचा चढ आहे. रोज सकाळी शेकडो घोडे तिथून वर कँटर करत जातात. माझा तिसरा की चौथा आठवडा होता. मला एक नऊ वर्षांचा बदामी घोडा दिला होता, सगळे त्याला 'आजोबा' म्हणायच्या लायकीचा समजत. पुढच्या घोड्यापासून चार लेंग्थ, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीइतकं, अंतर ठेवायचं, एवढीच सूचना. चढाच्या पायथ्याशी त्याने मान खाली घातली, मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला आणि आजोबा सुटले. पुढच्या तिघांना मागे टाकून मी वर पोहोचले तेव्हा माझे दंड थरथरत होते आणि बोटं लगामाभोवती अशी आवळली होती की दुसऱ्या मुलीने येऊन ती एकेक करून सोडवली. हेडलॅड, म्हणजे पागेतला मुख्य माणूस, काही ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "कोण कोणाला ओढत होतं?"

त्याच दिवशी त्याने लगामाचा ब्रिज दाखवला. लगामाचे दोन्ही पट्टे एकमेकांवर घेऊन दोन्ही मुठींत धरायचे, की मध्ये एक आडवा दुहेरी पट्टा तयार होतो. तो घोड्याच्या मानेवर, खोगिराच्या थोडं पुढे टेकवायचा आणि मुठी तिथेच दाबून ठेवायच्या. आता घोडा जेव्हा ओढतो तेव्हा तो तुमच्या दंडांशी झुंजत नाही, स्वतःच्या मानेशी झुंजतो. बोटं मऊ, कोपर सैल, वजन टाचेत. घोड्याच्या गळ्यात नेकस्ट्रॅप, एक साधा पट्टा, असतोच, अडचण आली तर एक बोट त्यात अडकवायचं. त्यात कमीपणा नाही, चांगले चांगले अडकवतात. हे वाचून समजेल, पण हातात यायला मला तीन महिने लागले. आठवड्यातून तीन सकाळी धरून.

स्टार्टकडे जातानाचा भाग म्हणूनच नाजूक असतो. पॅडॉकमध्ये गर्दी, जॉकींचे रंगीत सदरे, लाउडस्पीकर. घोड्याला कळलेलं असतं की आज रेस आहे, हे चॅरिटीचं प्रकरण आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. समोर मोकळं गवत दिसलं की तो इथेच सुटायला बघतो. माझा आग्रह असतो की नवख्याने एकट्याने खाली जाऊ नये. आधी ट्रेनरशी बोलून ठरवा की तुम्ही एखाद्या शहाण्या घोड्याच्या मागे जाल, त्याच्या शेपटीपाशी तुमच्या घोड्याचं नाक. अशा बहुतेक शर्यती स्टॉल्समधून, म्हणजे सुरुवातीच्या बंद कप्प्यांतून, नव्हे तर झेंड्यावर सुटतात, त्यामुळे स्टार्टला गोल गोल फिरत थांबावं लागतं. तिथे गप्पा मारू नका. खोगिराचा पट्टा तपासून घ्या, गॉगल खाली घ्या आणि घोड्याला चालतं ठेवा.

आता तिसरं काम. पोस्ट गेली, तुम्ही खूश, पाय संपलेले. नवखा काय करतो? धपकन खोगिरावर बसतो आणि लगाम खेचतो. जॉकीची बैठक अधांतरी असते, त्याचं बूड खोगिराला लागत नाही. ते लागलं, आणि तेही आदळत लागलं, की घोडा त्याचा अर्थ 'चल' असा घेतो. म्हणजे दमलेला स्वार घोड्याला थांबवायला जातो आणि पळवत बसतो. करायचं असं: पोस्टनंतर काहीच करू नका. शंभर-दोनशे मीटर त्याच बैठकीत राहा, त्याला आपणहून गॅलपमधून, म्हणजे भरधाव दौडीतून, कँटरवर येऊ द्या, मग हळूहळू कंबर उचला, लगाम घ्या-सोडा, घ्या-सोडा. शेजारचे घोडे मंदावत असतील तर त्यांच्यामागे जा. कळपाचा प्राणी आहे, दुसरे थांबले की तोही थांबतो. दमलेल्या घोड्याला एकदम खेचलं तर त्याच्या पायांच्या कंडरांना (टेंडन्सना) इजा होऊ शकते, हेही लक्षात असू द्या. घोडा उसना आहे. मालकाने विश्वासाने दिलाय.

म्हणजे शेवटी सगळं पायांवर येतं. रिकिबी इतक्या आखूड का ठेवतात याचं एक सुरेख उत्तर लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये दिलं. १९०० च्या आसपास जॉकी सरळ बसायचं सोडून पुढे ओणवे होऊ लागले, तेव्हा शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या होत्या. कारण असं की ओणवा स्वार स्प्रिंगसारखा वागतो. घोडा प्रत्येक झेपेला वर-खाली, पुढे-मागे होतो, स्वाराचं शरीर मात्र जवळपास एका रेषेत पुढे सरकत राहतं. घोड्याला त्याचं वजन वाहावं लागतं, पण प्रत्येक झेपेत ते नव्याने ढकलावं लागत नाही. ती स्प्रिंग म्हणजे तुमच्या मांड्या, गुडघे आणि घोटे. स्प्रिंग संपली की तुम्ही पोतं.

तर मग जिमला जाण्याआधी एक घरगुती परीक्षा. बरेच इलेक्ट्रिक टूथब्रश दोन मिनिटांनी आपणहून थांबतात. सकाळी दात घासताना पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे वाकवून, पाठ जमिनीला समांतर करून उभे राहा आणि ब्रश थांबेपर्यंत वर यायचं नाही. एका मैलाच्या शर्यतीला साधारण पावणेदोन मिनिटं लागतात, म्हणजे हिशेब जवळपास जुळतो. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत मांड्या पेटतील. पेटू देत. महिन्याभरात दोन मिनिटं झाली की रात्रीचं घासणंही त्याच बैठकीत. माझ्या घरी यावर पुष्कळ हसून झालंय.

याच्या जोडीला यांत्रिक घोडा. लाकडी धडाचा स्प्रिंगवरचा जो घोडा बऱ्याच पागांत दिसतो तो फ्रँकी लोव्हाटो या अमेरिकन जॉकीने पाय मोडून घरी बसलेला असताना स्वतःसाठी बनवला होता. आजही जखमी जॉकी परत उभे राहताना आधी त्याच्यावर बसतात, मग खऱ्यावर. तुम्ही त्यावर तीन मिनिटं, हात स्थिर ठेवून, शेवटच्या मिनिटाला जोर करून काढू शकलात तर पाय तयार आहेत असं मी मानते. शिवाय सायकल, पण सीटवर न बसता.

नऊ महिने पुरतील का, याचं उत्तर तुमच्या आठवड्यावर आहे. लोक मला खदिजा मेल्लाहचं उदाहरण देतात. २०१९ मध्ये गुडवुडला मॅग्नोलिया कप ही स्त्रियांची चॅरिटी रेस तिने हॅवरलँड नावाच्या घोड्यावर जिंकली, आणि त्याच वर्षीच्या वसंतापर्यंत ती रेसच्या घोड्यावर बसलेलीही नव्हती. खरं आहे. पण ती १८ वर्षांची होती आणि लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या एबनी हॉर्स क्लबमध्ये काही वर्षं पोनींवर घालवलेली होती. ४३ व्या वर्षी, आठवड्याला एक तास, या भांडवलावर नऊ महिने कमी आहेत. आठवड्यातून तीन वेळा, त्यातल्या किमान दोन रेसच्या पागेत, असं जमवलंत तर पुरतील. लेस्टरहून ते कसं जमेल हे तुम्हालाच ठरवायचं आहे. हिवाळ्यात पहाटे पाचला काळोखात गाडी काढायची आहे, घसरड्या रस्त्यावर. माझ्या दोन परत पाठवलेल्यांपैकी एकाचं धैर्य, वजन, मांड सगळं ठीक होतं. त्याच्याकडे वेळ नव्हता, एवढंच.

ढोबळ क्रम सांगायचा तर पहिले दोन-तीन महिने आहे त्याच स्कूलमध्ये, पण रिकिबी दर पंधरवड्याला एक भोक वर. त्यानंतर एखादा ट्रेनर गाठा जो तुम्हाला रायडिंग आउटला, म्हणजे सकाळी पागेतले घोडे फिरवायला, घेईल. आधी फुकट शेण काढावं लागेल, केस झाडावे लागतील. काढा, कारण त्यातून घोडे कळतात. वसंतात कँटर, मग दोन घोडे बरोबरीने पळवायचे, ज्याला इथे अपसाइड्स म्हणतात. शेजारी दुसरा घोडा आला की तुमचा घोडा वेगळाच प्राणी होतो. हे पहिल्यांदा रेसच्या दिवशी कळता कामा नये. शेवटी दोन-तीन वेळा घोळक्यात मागे राहून माती तोंडावर घ्या. दोन गॉगल एकावर एक घालायचे आणि वरचा भरला की खाली ओढायचा, हा कारभार एका हाताने करायला शिकायला लागतं. आणि ट्रेनर 'हा घे, काही होत नाही' म्हणत नवा घोडा पुढे करेल तेव्हा विचारा की याला याआधी नवख्या माणसाने पळवलंय का. मला एकदा असाच एक पुढे केला होता. मी भिडेपोटी बसले आणि डाव्या मनगटात अजून स्क्रू आहे.

वजनाबद्दल. प्रत्येक शर्यतीची अट वेगळी असते, नाव देण्याआधी ती बघा. इथे हिशेब स्टोनमध्ये होतो. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, ६.३५ किलो. बारा स्टोन म्हणजे ७६ किलोंच्या थोडं वर, आणि त्यात खोगीर, कपडे, बूट सगळं आलं. हेल्मेट वजनात धरत नाहीत. हलका स्वार असेल तर त्याच्या खोगिराखाली शिसं घालून वजन भरतात, जड स्वाराला मात्र काही काढून देता येत नाही. म्हणजे बारा स्टोनची अट असेल तर तुम्हाला ७२-७३ वर यावं लागेल. नऊ महिन्यांत दहा किलो हे शक्य आहे, घाई न करता. शेवटच्या आठवड्यात सॉनात बसून पाणी काढू नका. व्यावसायिक जॉकींनी ते वर्षानुवर्षं केलं आणि त्याची किंमत मोजली. तुम्हाला त्या दिवशी डोकं शाबूत हवंय.

आयोजक तुम्हाला थेट घोड्यावर बसवणार नाहीत. आधी तपासणी असते. न्यूमार्केटला ब्रिटिश रेसिंग स्कूल आहे, डॉनकास्टरला नॅशनल हॉर्सरेसिंग कॉलेज. तिथे व्यायामाच्या चाचण्या घेतात आणि घोड्यावर बसवूनही बघतात. डॉक्टरांचा फॉर्म लागतो. त्यात मागे कधी डोक्याला मार लागला असेल तर लपवू नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: तुमची आयुर्विम्याची आणि उत्पन्न-संरक्षणाची पॉलिसी काढून त्यात 'रेसिंग' हा शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसींत तो अपवादांच्या यादीत असतो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, हाड जोडून देईल, पण सहा महिने बिनपगारी घरी बसलात तर मॉर्गेजचा हप्ता ते भरणार नाहीत.

पडण्याबद्दल एवढंच: पडलात तर लगाम सोडा, अंगाचं मुटकुळं करा, हातांनी डोकं-मान झाका आणि शेवटचा घोडा जाईपर्यंत हलू नका. उठून पळणाऱ्याला घोडा चुकवू शकत नाही, पडून राहिलेल्याला बहुधा चुकवतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्या.

इथपर्यंतचं एका वाक्यात: मांड, पाय आणि थांबवणं हे तिन्ही आठवड्याला तीन सकाळी मिळाल्या तर नऊ महिन्यांत होण्यासारखं आहे, नाहीतर पुढच्या वर्षी करा. आता पैसे, जे माझं खरं पोटापाण्याचं काम आहे.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. माझा पहिल्या शर्यतीचा खर्च वहीत आहे: धडे, पेट्रोल, बूट, बॉडी प्रोटेक्टर, हेल्मेट, फिजिओच्या तीन भेटी, मिळून १,६४० पौंड. तेव्हा घोडा आणि पागेचा वेळ मला फुकट मिळाला होता. जमा केले ३,२०० पौंड. म्हणजे एक पौंड खर्चून जेमतेम दोन उभे केले. चौथ्या शर्यतीला सामान घरचंच होतं, खर्च ४०० च्या आत आणि जमा ५,९००. मी स्वतःला घातलेला नियम साधा आहे: तयारीचा पैसा न पैसा माझ्या खिशातून, देणगीला हात नाही. आणि देणगीच्या वेबपानावर ते स्पष्ट लिहिते. लोक विचारत नाहीत, पण मनात तोच प्रश्न असतो की आमच्या पैशावर ही घोडे फिरवतेय का.

गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर सरकारकडून मिळणारी भर, नीट समजून घ्या. यूकेत कर भरणाऱ्या माणसाने १०० पौंड दिले आणि गिफ्ट एडच्या चौकोनात खूण केली, तर संस्थेला सरकारकडून वर २५ मिळतात, १२५ होतात. पण हे रॅफलच्या (सोडतीच्या) तिकिटाला लागू नाही, कारण तिथे माणूस देणगी देत नाही, तिकीट घेतो. भारतातल्या मावशीने प्रेमाने पाठवलेल्या पैशालाही लागू नाही, ती इथे कर भरत नाही. अशा वेळी तिने चौकोनात खूण करू नये हे तिला फोनवर सांगा. कंपनीची देणगी गिफ्ट एडमध्ये बसत नाही, पण बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकीच भर घालतात. एचआरला पहिल्याच महिन्यात विचारा. शर्यत झाल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आपल्या मंडळींकडून पैसे कसे मागायचे? हा तुम्ही न विचारलेला पण तुम्हाला पडणारच असलेला प्रश्न. लेस्टरच्या मराठी मंडळात जॉकी म्हटलं की लोकांना रेसकोर्स, सट्टा आणि बुडालेलं घर आठवतं. मलाही माझ्या काकांनी विचारलं होतं, "जुगाराला कशाला पैसे द्यायचे?" वाद घालू नका. पडलेल्या माणसाबद्दल बोला. अडथळ्यांच्या शर्यतीत जॉकी साधारण पंधरा-वीस राइडमागे एकदा पडतो आणि हंगामात शेकडो राइड करतो. ही त्याची नोकरी आहे. बांधकामावरच्या मजुराने इतक्यांदा परांचीवरून पडायचं ठरवलं तर आपण काय म्हणू?

मी स्वतः जखमी जॉकींना मदत करणाऱ्या निधीची गोष्ट सांगते, कारण ती हौशी स्वारांचीही गोष्ट आहे. डिसेंबर १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या एन्ट्री मैदानावर हर्डल (छोट्या अडथळ्यांच्या) शर्यतीत टिम ब्रुकशॉ पडला आणि त्याचा कणा मोडला. पुढच्याच मार्चमध्ये, त्याच मैदानावर, १९६४ च्या ग्रँड नॅशनलमध्ये 'द चेअर' या सर्वात उंच कुंपणावर पॅडी फॅरेल पडला आणि त्याचाही. दोघांचीही जॉकी म्हणून कारकीर्द तिथेच संपली आणि भरपाई म्हणावी अशी काही नव्हती. त्यांच्यासाठी जो फंड उभा राहिला त्याचाच पुढे इंजर्ड जॉकीज फंड झाला. तो उभारण्यात पुढे असलेला जॉन ओक्सी पत्रकार होता आणि हौशी जॉकी. १९६३ ची नॅशनल तो कॅरिकबेगवर पाऊण लेंग्थने हरला होता. लॅम्बर्नचं ओक्सी हाउस, जखमी जॉकींना परत उभं करणारं फंडाचं केंद्र, त्याच्या नावाचं, २००९ पासून चालू आहे. २०१५ मध्ये मॉल्टनला जॅक बेरी हाउस झालं, २०१९ मध्ये इथे न्यूमार्केटला पीटर ओसलिव्हन हाउस. डॉनकास्टरच्या लेजर लेजंड्स या निवृत्त जॉकींच्या शर्यतीतून जॅक बेरी हाउससाठी पैसे उभे राहत होते; २०१५ मध्ये नुकताच निवृत्त झालेला ए. पी. मॅकॉय त्यात उतरला आणि गॅनिकसवर जिंकलाही.

या घरांत काय चालतं हे एकदा बघून या, मग पैसे मागताना शब्द शोधावे लागत नाहीत. मी गेले तेव्हा एक विशीतला मुलगा दोन दांड्यांमध्ये उभा होता. फिजिओ मोजत होती, तो सहाव्या पावलाला थांबला, दांडीवर रेलला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, तू कोणता घोडा करणार आहेस, ओढतो का? मी सांगितलं की ओढतो. मग त्याने मला पाच मिनिटं त्या घोड्याच्या बापाबद्दल सांगितलं. जाताना म्हणाला, गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदा सकाळी दोन टोस्ट खातोय, तेही लोणी लावून. फिजिओने सातवं पाऊल म्हटलं आणि तो वळला.

तर, सरळ दान करून मोकळं व्हावं का? हिशेबनीस म्हणून सांगते. तुमचा खर्च १,५०० येणार असेल आणि तुमच्या ओळखीतून २,००० च जमणार असतील, तर हो, घरचे बरोबर आहेत. १,५०० गिफ्ट एडसकट द्या, संस्थेला १,८७५ मिळतील, हाडंही शाबूत राहतील. शर्यतीला अर्थ येतो तो तुमच्यामुळे असे लोक देऊ लागले की ज्यांनी एरवी या कारणासाठी कधीच दिलं नसतं. मंडळातले शंभरजण प्रत्येकी वीस पौंड देतील का, ऑफिस तेवढेच घालेल का, हे आधी वहीत मांडा. मांडूनही जमत नसेल आणि तरी पळायचंच असेल, तर तो शौक आहे. शौक असावा, मलाही आहे. फक्त त्याला दानाचं नाव देऊ नका.

शेवटचा मुद्दा माघारीचा. चार हजार पौंड जमलेत, मंडळाने बॅनर छापलाय, मुलं बघायला येणार आहेत, आणि तीन आठवडे आधी तुम्हाला कळतंय की हा घोडा मला थांबवता येत नाही. अशा वेळी उतरू नका. ज्या दोघांना मी परत पाठवलं त्यातल्या दुसरीचं असंच झालं. ती दोन दिवस रडली, मग सगळ्यांना मेल लिहिला की मी पळत नाहीये, हवे असतील तर तुमचे पैसे परत मागा. एकाने मागितले. पंचवीस पौंड. पुढच्या वर्षी ती पळाली आणि आठवी आली, पोस्टनंतर अगदी अलगद थांबली; मी रेलिंगला उभी राहून तेवढंच बघत होते.

तुम्ही या रविवारी स्कूलमध्ये जाल तेव्हा एका परीक्षेपुरत्या रिकिबी तीन भोकं वर घ्या, शिकवणाऱ्याला आधी सांगून. कँटरवर खोगिराला न टेकता मैदानाच्या चार फेऱ्या करा आणि पाचव्या फेरीला ठरवलेल्या खुणेपाशी थांबवून बघा. खुणेच्या किती पुढे जाऊन थांबलात ते पावलांनी मोजा आणि मला कळवा. मग अपसाइड्सचं बोलू.